शितावरून सूर्याची परीक्षा

भात शिजला की नाही हे पाहायला कुणी पातेलंभर भात उपसून बसत नाही. डावाच्या टोकावर एक शीत घ्यायचं, बोटांत दाबायचं, की कळतं. 'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण आपण माणसांच्या बाबतीत वापरतो, बाजारात वापरतो. आज मी ती सूर्याच्या बाबतीत वापरणार आहे. सूर्याकडून येणाऱ्या किरणांचा एक प्रकार असा आहे, की तो जमिनीवरून मोजताच येत नाही. तरीही तो आज किती आला आणि उद्या, परवा किती येईल, हे जगातल्या काही मंडळींना रोज सांगावं लागतं. मोजता येत नाही ते सांगायचं कसं? तर शितावरून!

या किरणांचं नाव 'एक्स्ट्रीम अल्ट्राव्हायोलेट'. शास्त्रज्ञ थोडक्यात ईयूव्ही म्हणतात, आपणही तेच नाव वापरू. उन्हात कातडी रापते ती साध्या अतिनील किरणांमुळे. त्यांची तरंगलांबी साधारण ३०० ते ४०० नॅनोमीटर असते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. ईयूव्ही किरण त्याच्याही पुष्कळ पलीकडचे, सुमारे १० ते १२० नॅनोमीटरचे, जवळजवळ क्ष-किरणांच्या उंबरठ्यावरचे. हवेतल्या अणूवर असा किरण आदळला तर त्यातला इलेक्ट्रॉन उखडून काढण्याची ताकद त्याच्यात असते. म्हणूनच हे किरण खालपर्यंत पोचत नाहीत. जमिनीपासून शंभर किलोमीटरच्या वरची विरळ हवाच त्यांना शोषून घेते. आपल्या दृष्टीनं हे भाग्यच म्हणायचं. पण त्यामुळेच ते जमिनीवरून मोजण्याचा मार्गही बंद होतो.

हे किरण असतात तरी किती? वातावरणाच्या बाहेर, सूर्यासमोर एक चौरस मीटरचा पत्रा धरला, तर त्यावर सूर्याची सुमारे १३६१ वॅट ऊर्जा पडते. त्यातला ईयूव्हीचा वाटा अवघा काही मिलिवॅट. रुपयांत हिशेब मांडला तर एका लाखातले काही पैसे. मग त्यांची एवढी काळजी कशासाठी? गंमत अशी, की ती लाखाची रक्कम जवळपास स्थिर असते. सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्रात एकूण ऊर्जेत जेमतेम एक दशांश टक्का फरक पडतो. ते काही पैसे मात्र त्याच चक्रात दुप्पट होतात, काही तरंगलांबींवर तर कितीतरी पट वाढतात. आणि वातावरणाच्या माथ्यावर जे काही घडतं ते बहुतेक या पैशांच्या जोरावर घडतं.

पहिली गोष्ट म्हणजे आयनांबर. ईयूव्ही किरणांनी उखडलेल्या इलेक्ट्रॉनांचा हा थर आकाशातल्या आरशासारखा काम करतो. ज्यांनी शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोन ऐकलं आहे, त्यांनी हा आरसा नकळत वापरलेला आहे. कोलंबोहून निघालेली लहर आयनांबरावर आपटून खाली येई, म्हणून 'बिनाका गीतमाला' महाराष्ट्रातल्या खेड्यांत ऐकू येई. सूर्य जोरात असला की आरसा दाट होतो आणि जास्त वारंवारतेच्या लहरीही परत पाठवतो, सूर्य मंदावला की त्या आरपार निघून जातात. आज आपल्या हातातल्या मोबाइलला जागा सांगणाऱ्या जीपीएसच्या किंवा आपल्या नाविकच्या लहरी याच थरातून खाली येतात आणि येताना किंचित रेंगाळतात. किती रेंगाळतात हे इलेक्ट्रॉनांच्या दाटीवर ठरतं. त्याची दुरुस्ती केली नाही तर जागा कित्येक मीटरनं चुकते. चुंबकीय विषुववृत्त आपल्या देशाच्या दक्षिण टोकाजवळून जातं. त्यामुळे भारतावरचं आयनांबर जरा जास्तच चंचल आहे आणि ही दुरुस्ती आपल्याकडे अधिक कठीण जाते.

दुसरी गोष्ट अधिक वजनदार आहे. ईयूव्ही शोषून घेतलेली हवा तापते, आणि तापलेली हवा फुगते. खालची हवा वर सरकते आणि चारशे किलोमीटरवर, जिथे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक फिरतं, तिथली हवा दाट होते. मंद सूर्य आणि जोरातला सूर्य यांच्यात या उंचीवरच्या हवेच्या घनतेत दहापटीचासुद्धा फरक पडू शकतो. दाट म्हटलं तरी ही हवा आपल्या हवेच्या मानानं पोकळीच. पण उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगानं त्यातून जातो. एवढ्या वेगाला ती पोकळीही रोध करते, आणि उपग्रह हळूहळू खाली येऊ लागतो.

माझ्या वयाच्या मंडळींना जुलै १९७९ आठवत असेल. मी तेव्हा शाळेत होतो. पारावर, एसटीत, किराणा दुकानात एकच विषय होता, तो म्हणजे स्कायलॅब! आता पडणार, आपल्यावरच पडणार. कोण काय सांगेल त्याचा नेम नव्हता. सुमारे ७७ टनांची ही अमेरिकन प्रयोगशाळा मे १९७३ मध्ये आकाशात गेली होती. शेवटचे अंतराळवीर फेब्रुवारी १९७४ मध्ये ती सोडून परतले. १९८० नंतरही ती वर राहील आणि तोपर्यंत तयार झालेलं स्पेस शटल तिला ढकलून आणखी वर नेईल, असा नासाचा हिशेब होता. पण पुढचं सौरचक्र अपेक्षेपेक्षा जोमानं वर चढलं. हवा फुगली, रोध वाढला, आणि ११ जुलै १९७९ ला स्कायलॅब कोसळली. तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले, कुणाला इजा झाली नाही. शटलचं पहिलं उड्डाण झालं ते एप्रिल १९८१ मध्ये. एक लाखातल्या त्या काही पैशांचा अंदाज चुकला आणि अख्खी प्रयोगशाळा हातची गेली, ती अशी.

आता शिताकडे येऊ. या कथेची सुरुवात १९४६ सालच्या दोन महिन्यांत होते. १० ऑक्टोबर १९४६ ला अमेरिकेतल्या व्हाइट सँड्स इथून एक व्ही-२ रॉकेट उडालं. युद्धात जर्मनांनी बनवलेलं हे रॉकेट अमेरिकेच्या हाती लागलं होतं. त्यात रिचर्ड टाउसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूर्याचा वर्णपट टिपणारं उपकरण ठेवलं होतं. ओझोनच्या थराच्या वरून सूर्याचा अतिनील वर्णपट माणसानं प्रथम पाहिला तो तेव्हा. ईयूव्हीच्या वाटेवरचं हे पहिलं पाऊल होतं. पण रॉकेट काही मिनिटं वर राहतं आणि खाली येतं. रोजच्या मोजणीला ते कसं पुरणार?

त्यानंतर सहा आठवड्यांनी, २३ नोव्हेंबर १९४६ ला, कॅनडातल्या ओटावाजवळ आर्थर कव्हिंग्टन नावाचे शास्त्रज्ञ खंडग्रास सूर्यग्रहण पाहत होते. डोळ्यांनी नव्हे, रेडिओ लहरींनी. युद्धातल्या रडारच्या शिल्लक भागांतून त्यांनी एक छोटी रेडिओ दुर्बीण जुळवली होती. तिची तरंगलांबी होती १०.७ सेंटिमीटर, कारण हाताशी असलेले रडारचे भाग त्याच तरंगलांबीचे होते. चंद्राच्या कडेनं सूर्यावरचा एक मोठा डाग झाकला, आणि सूर्याकडून येणारी रेडिओ ऊर्जा झपकन उतरली. म्हणजे या लहरी साऱ्या सूर्यबिंबातून सारख्या येत नव्हत्या, डागांच्या परिसरातून जास्त येत होत्या. कव्हिंग्टन यांनी फेब्रुवारी १९४७ पासून रोजची मोजणी सुरू केली. ती आजतागायत चालू आहे. ओटावाची जागा पुढे बदलली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून हे काम कॅनडाच्या पश्चिमेला पेंटिक्टन इथल्या वेधशाळेत चालतं. मोजणी दिवसातून तीनदा होते. तिथली भरदुपार म्हणजे आपल्याकडे रात्रीचा दीड, त्यामुळे सकाळच्या चहाबरोबर पंचांग पाहावं तसा मी तो ताजा आकडा पाहतो. सूर्य अगदी शांत असला की हा आकडा ६५ ते ७० च्या घरात असतो, जोरात असला की २०० च्या वर जातो, क्वचित ३०० ही ओलांडतो.

या आकड्याची मोठी सोय अशी, की १०.७ सेंटिमीटरच्या लहरींना ढग, धुकं, हिमवर्षाव यांचं काहीच वाटत नाही. पावसाळ्यात आपल्याला आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, पण या दुर्बिणीला तो रोज दिसतो. १९५७ मध्ये पहिला स्पुटनिक उडाला. पुढच्या दोन वर्षांत अमेरिकेतले लुइजी याक्किया आणि जर्मनीतले वोल्फगांग प्रीस्टर यांनी उपग्रहांच्या कक्षा बारकाईनं तपासल्या. त्यांना दिसलं, की वरच्या हवेचा रोध वर-खाली होतो आणि तो सूर्याच्या रेडिओ लहरींच्या तालावर होतो. म्हणजे रेडिओ लहर हे शीत, आणि ईयूव्ही हा भात.

आता तुम्ही म्हणाल, कुठे १०.७ सेंटिमीटरची लहर आणि कुठे काही नॅनोमीटरचा किरण! त्यांचा एकमेकांशी काय संबंध? संबंध एवढाच, की दोन्ही एकाच पातेल्यात शिजतात. सूर्याच्या दिसणाऱ्या पृष्ठभागाच्या वर अधिक तापलेले विरळ थर आहेत. डागांच्या भोवती सूर्याचं चुंबकत्व फार प्रबळ असतं. ते तिथला तप्त वायू धरून ठेवतं, दाट करतं, तापवतं. अशा वायूतून ईयूव्हीही निघतो आणि सेंटिमीटरच्या रेडिओ लहरीही. चुंबकत्व वाढलं की दोन्ही वाढतात. लहर स्वतः आपल्या हवेचं काहीच करत नाही, ती फक्त बातमी देते.

पण एकाच दिवसाच्या आकड्यावर भागत नाही. ईयूव्हीचा काही भाग डागांच्या परिसरातून येतो, तो डाग समोर आला की वाढतो, मागे गेला की घटतो. काही भाग साऱ्या सूर्यावर पसरलेल्या जुन्या, विरत चाललेल्या चुंबकत्वातून येतो, तो सावकाश बदलतो. म्हणून आजच्या आकड्याबरोबर ८१ दिवसांची सरासरीही घेतात. पृथ्वीवरून पाहता सूर्य सुमारे २७ दिवसांत स्वतःभोवती फिरतो, त्याच्या तीन फेऱ्या म्हणजे ८१ दिवस. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुवापरातल्या पद्धतीत या दोन्ही आकड्यांची बेरीज करून निम्मी करतात. आज २०० आणि सरासरी १५० असेल, तर हिशेबाला धरायचे १७५. मग पाया म्हणून एक मोजलेला वर्णपट घ्यायचा. तो २३ एप्रिल १९७४ ला रॉकेटमधून मोजलेला आहे. त्याचे ३७ तुकडे पाडायचे आणि १७५ या आकड्यानुसार प्रत्येक तुकडा कमी-जास्त वाढवायचा. पन्नास वर्षांपूर्वीच्या एका दिवसाचा सूर्य आणि आजची एक रेडिओ लहर, एवढ्या भांडवलावर आजच्या ईयूव्हीचा अंदाज निघतो.

मग थेट उपग्रहावरच ईयूव्ही मोजणारं यंत्र का बसवत नाहीत, असा प्रश्न मला हमखास विचारला जातो. बसवतात तर! पण त्यात एक मेख आहे. स्वयंपाकघरातल्या खिडकीची काच आठवा. रोजच्या फोडणीचा चिकट थर तिच्यावर बसतो आणि काच हळूहळू अंधूक होते. उपग्रहावरही तसंच होतं. त्याच्या रंगातून, डिंकातून, तारांच्या वेष्टनातून सूक्ष्म वाफा निघतात आणि यंत्राच्या पातळ पडद्यावर बसतात. ईयूव्ही किरण त्यांना भाजून काजळीसारखा थर बनवतात. जो मोजायचा, तोच मोजणाऱ्याचा डोळा अधू करतो! दोन वर्षांनी यंत्र दाखवतं की ईयूव्ही कमी झाला. तो सूर्यावर कमी झाला की काच मळली? हे ठरवायला मधूनमधून ताजं, तपासलेलं यंत्र रॉकेटमधून काही मिनिटांसाठी वर पाठवतात आणि दोघांचे आकडे ताडून पाहतात.

शिवाय यंत्रं अखंड वर राहिली नाहीत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून पुढे सुमारे पंधरा वर्षं ईयूव्हीची सलग उपग्रह-मोजणी जवळपास नव्हतीच. डिसेंबर १९९५ मध्ये सोहो, डिसेंबर २००१ मध्ये टाइम्ड आणि फेब्रुवारी २०१० मध्ये सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी गेली, तशी ही पोकळी भरू लागली. शेवटच्या यानावरच्या ईयूव्ही यंत्राचा एक महत्त्वाचा भाग मे २०१४ मध्ये बंद पडला. त्या पोकळीच्या सगळ्या वर्षांत आणि अशा प्रत्येक अडचणीत कॅनडाची रेडिओ दुर्बीण आपलं काम करत राहिली.

म्हणजे शीत निर्दोष आहे का? नाही. २००८ आणि २००९ या दोन वर्षांनी ते दाखवून दिलं. सूर्य तेव्हा असामान्य शांत होता. २००८ मध्ये तर २६० हून अधिक दिवस त्याच्यावर एकही डाग नव्हता. रेडिओचा आकडा आधीच्या शांत काळाच्या, म्हणजे १९९६ च्या, मानानं थोडासाच खाली गेला होता. त्यावरून वरची हवा जेवढी विरळ असायला हवी होती, त्याहून ती कितीतरी विरळ निघाली. अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी हजारो वस्तूंच्या कक्षांवरून हिशेब केला, तेव्हा चारशे किलोमीटरवरची हवा अपेक्षेपेक्षा पाव हिश्श्याहूनही अधिक विरळ आढळली. सोहोवरच्या यंत्रानुसार ईयूव्ही आधीच्या शांत काळापेक्षा सुमारे पंधरा टक्के कमी होता. मग वाद सुरू झाला. यातलं किती खरं आणि किती मळलेल्या काचेचं? वाढत्या कार्बन डायऑक्साइडमुळे वरची हवा थंड होते, त्याचा वाटा किती? सगळे आकडे एकमेकांशी चोख जुळले नाहीत. पण ईयूव्ही कमी झाला होता आणि शिताला ते पुरतं समजलं नव्हतं, हे बहुतेकांनी मान्य केलं.

कारण सरळ आहे. सूर्यावर एकही डाग नसला तरी त्याच्या तप्त वायूतून रेडिओ लहरींचा एक किमान साठा येतच राहतो, म्हणून आकडा एका तळाला जाऊन थांबतो. ईयूव्ही त्याच्याही खाली उतरू शकतो. उलट डाग भरपूर असले की प्रबळ चुंबकत्वात गरगरणारे इलेक्ट्रॉन जादा रेडिओ लहरी सोडतात, त्यांच्या जोडीचा ईयूव्ही नसतो. कधी नेमक्या मोजणीच्या वेळी सौरज्वाला उसळते आणि आकडा भलताच फुगतो. मधल्या आचेवर शीत विश्वासाचं, अगदी मंद आणि अगदी प्रखर आचेवर जरा जपून.

यावर उपाय तोच, जो आपली आजी करायची. शंका आली की आणखी एक-दोन शितं घ्यायची. दुसरं शीत आहे मॅग्नेशियमचं. सूर्याच्या वर्णपटात २८० नॅनोमीटरजवळ मॅग्नेशियमची एक ठळक रेषा आहे. रेषेच्या मध्यातला प्रकाश वरच्या थरातून येतो आणि सूर्याच्या जोराप्रमाणे बदलतो. रेषेच्या दोन्ही बाजूंचा प्रकाश खालच्या थरातून येतो आणि स्थिर असतो. एकाला दुसऱ्यानं भागायचं. काच मळली तर दोन्ही सारखेच अंधूक होतात आणि भागाकार बदलत नाही! १९८६ मध्ये हीथ आणि श्लेसिंजर या दोघांनी निंबस-७ उपग्रहाच्या नोंदींवरून ही युक्ती मांडली, आणि १९७८ पासूनच्या नोंदी तिच्या उपयोगी पडल्या. आपल्या आदित्य-एल१ यानावर पुण्याच्या आयुकानं साकारलेली 'सूट' नावाची दुर्बीण आहे. तिच्या अकरा गाळण्यांत या मॅग्नेशियम रेषेच्याही गाळण्या आहेत. यान सप्टेंबर २०२३ मध्ये निघालं आणि जानेवारी २०२४ मध्ये आपल्या कक्षेत पोचलं. ही दुर्बीण ईयूव्ही मोजत नाही, पण मॅग्नेशियमचा प्रकाश सूर्यबिंबाच्या नेमक्या कोणत्या भागातून येतो हे चित्रात दाखवते.

तिसरं शीत जपानचं. तिथे १९५० च्या दशकापासून इतर तरंगलांबींवर सूर्याची नोंद होते. त्यातली ३० सेंटिमीटरची लहर वरच्या हवेच्या हिशेबाला १०.७ पेक्षा सरस ठरते, असं अलीकडच्या अभ्यासात दिसलं आहे. २००८ साली आलेल्या, उपग्रहांचा रोध काढण्याच्या एका प्रतिमानात चार वेगवेगळी शितं एकत्र वापरतात. वातावरणाचे वेगवेगळे थर वेगवेगळ्या किरणांनी तापतात, म्हणून प्रत्येकासाठी वेगळा साक्षीदार.

आणि सर्वात जुनं शीत तर आपल्या मुंबईतही शिजत होतं. होकायंत्राची सुई रोज दिवसा किंचित सरकते आणि परत येते, हे लंडनच्या जॉर्ज ग्रॅहम या घड्याळजींनी १७२२ मध्येच पाहिलं होतं. सौरडाग जास्त असलेल्या वर्षांत सुई जास्त सरकते, हे १८५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या रुडॉल्फ वोल्फ यांच्या लक्षात आलं. कारण पुढे उलगडलं. ईयूव्ही किरणांमुळे वरची हवा वीजवाहक बनते, तिथले वारे त्या हवेला चुंबकीय क्षेत्रातून वाहून नेतात, त्यातून विजेचे प्रवाह निर्माण होतात आणि ते खालच्या सुईला हलवतात. म्हणजे दिवसाचं सुईचं सरकणं हे ईयूव्हीचंच माप! कुलाब्याच्या वेधशाळेत १८४६ पासून अशा सलग नोंदी झाल्या. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहानं सुई बिघडेल हे ओळखून डॉ. नानाभाई मूस यांनी १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी केली, आणि दोन्हीकडच्या नोंदी काही काळ बरोबरीनं चालवल्या, म्हणजे जुनी मापं नव्याशी जोडता यावीत. त्या काळी ईयूव्हीची कल्पनाही कुणाला नव्हती. पण जगभरातल्या अशा वेधशाळांच्या नोंदींवरून आज अठराव्या शतकापर्यंतच्या ईयूव्हीचा अंदाज बांधला जातो.

आजचं झालं, उद्याचं काय? यात सूर्याची फिरकी मदतीला येते. आज समोर असलेला डागांचा समूह सुमारे दोन आठवड्यांनी मागे जाईल आणि आणखी दोन आठवड्यांनी, टिकला तर, पुन्हा उगवेल. अडचण मागच्या बाजूला नव्यानं जन्मणाऱ्या डागांची. त्यांचा सुगावा लावण्याची रीत लिंडसे आणि ब्राउन यांनी २००० साली दाखवली. सूर्याच्या पोटात ध्वनिलहरी सतत घुमत असतात. मागच्या बाजूला प्रबळ चुंबकत्व असेल तर तिथून परतणारी लहर काही सेकंद लवकर येते. समोरच्या पृष्ठभागाची थरथर अखंड पाहिली, तर मागचा अंधूक नकाशा काढता येतो. अखंड पाहायचं तर सूर्य मावळून चालणार नाही. म्हणून जगभर सहा दुर्बिणींची साखळी उभारली आहे, आणि त्यातली एक आपल्या उदयपूरला आहे.

इथे एक घोटाळा टाळायला हवा. ईयूव्हीचा अंदाज म्हणजे ऋतूचा अंदाज, सौरवादळ म्हणजे ढगफुटी. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकचे ४९ नवे उपग्रह अगदी खालच्या कक्षेत सोडले होते. दुसऱ्याच दिवशी एक साधंसं चुंबकीय वादळ आलं, हवा फुगली आणि त्यातले चाळीसच्या आसपास उपग्रह गेले. ती ढगफुटी होती. पण ऋतूचा अंदाजही सोपा नाही. पंचविसाव्या सौरचक्राचा शिखर-आकडा जुलै २०२५ मध्ये ११५ च्या आसपास असेल, असं तज्ज्ञांच्या मंडळानं २०१९ मध्ये सांगितलं होतं. प्रत्यक्षात ऑक्टोबर २०२४ मध्येच तो १६० पर्यंत गेला. हे आकडे डागांच्या संख्येचे आहेत, पण ईयूव्ही त्यांच्याबरोबरच चढतो. आज खालच्या कक्षांत हजारो उपग्रह फिरत आहेत. कोण कुणाला धडकेल, कुणी कधी बाजूला व्हायचं, हे ठरवायला उद्याच्या हवेची घनता लागते.

आणि हा विषय दूरच्या देशांचा राहिलेला नाही. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्राच्या आकाशातून पेटते गोळे जाताना हजारो लोकांनी पाहिले, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात धातूचं मोठं कडं येऊन पडलं. ते चिनी रॉकेटचे अवशेष असल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं. अशा वस्तू कधी पडणार याच्या अंदाजात उरलेल्या वेळाच्या वीसेक टक्के इतकी चूक धरावी लागते, असा या क्षेत्रातला ठोकताळा आहे. पाच दिवस उरले असतील तर एक दिवस इकडे की तिकडे. आणि एका दिवसात अशी वस्तू पृथ्वीला सोळा प्रदक्षिणा घालते. तेव्हा पाच दिवस आधी 'अमक्याच गावावर पडणार' असं कुणी छातीठोक सांगितलं तर विश्वास ठेवू नका, आणि 'नक्की सांगता येत नाही' असं शास्त्रज्ञ म्हणाले तर त्यांना हसू नका. वस्तूचा आकार, तिचं लोळणं, वरचे वारे यांच्याबरोबर त्या चुकीचा एक भाग आजही सूर्याच्या या न दिसणाऱ्या किरणांचा आहे. तो कमी करायला पेंटिक्टनला रोज तीनदा, उदयपूरला दिवसभर आणि अलिबागला रात्रंदिवस कुणीतरी नोंद करत असतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)